मिंधा शेरीफ

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी काका आमच्या डिचोलीच्या घरी मुक्कामाला होते. सत्तरी तालुक्यातल्या आपल्या कुळागरातली, म्हणजे बागायतीतली, सुपारी आणि अडकित्ता त्यांनी बरोबर आणला होता, कारण रिकाम्या हातांनी बसणे त्यांना आयुष्यात कधी जमलेले नाही. गोवा पोलिसांत ३२ वर्षे नोकरी करून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर पोलिसांवरचे चित्रपट पाहायचे नाहीत हा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला आहे. त्यातला नायक एकदाही स्टेशन डायरी लिहिताना दिसत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. त्या दिवशी मात्र पावसाने असा ठाण मांडला होता की अंगणातही उतरता येत नव्हते, आणि मी ‘कॉप लँड’ तिसऱ्यांदा पाहायला बसलो होतो, म्हणून नाइलाजाने तेही बसले. आम्ही घरात कोकणी बोलतो आणि लिहितो-वाचतो मराठीत. त्यामुळे काकांचे जे बोलणे पुढे येईल ते मी मराठीत आणलेले आहे, दोन शब्द सोडून.

जेम्स मँगोल्ड या दिग्दर्शकाचा हा चित्रपट अमेरिकेत १५ ऑगस्ट १९९७ रोजी प्रदर्शित झाला. हडसन नदीच्या एका काठाला न्यूयॉर्क शहर आणि जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडला की दुसऱ्या काठाला न्यू जर्सी राज्यातले गॅरिसन नावाचे गाव, अशी त्याची मांडणी आहे. गाव काल्पनिक आहे, पण कल्पना हवेतून आलेली नाही. मँगोल्ड ज्या वॉशिंग्टनव्हिल नावाच्या गावात वाढला, तेथे न्यूयॉर्कच्या पोलिसांची अनेक कुटुंबे राहत असत. न्यूयॉर्कच्या पोलिसाने शहरात किंवा त्याच राज्यातल्या ठरावीक सहा परगण्यांत घर करावे असा कायदा आहे, आणि न्यू जर्सी हे दुसरे राज्य असल्यामुळे त्यात बसत नाही. चित्रपटातले पोलिस नियमातली एक पळवाट शोधून नदीपलीकडे राहायला जातात, आणि तेथे घरे घेण्यासाठी त्यांना स्वस्त व्याजाने कर्ज देणारी जी बँक असते, तिच्या मागे माफियाचा पैसा असतो. गावात गुन्हे नाहीत, रस्ते स्वच्छ आहेत, मुले निर्धास्त खेळतात, आणि या सगळ्याची किंमत नदीपलीकडच्या शहरात कोणीतरी चुकती करत असतो.

या गावाचा शेरीफ फ्रेडी हेफ्लिन. ‘शेरीफ’ म्हटले की मराठी वाचकाला मुंबईचा नगरपाल आठवतो, म्हणजे एका वर्षासाठी नेमलेली, समारंभांत पहिल्या रांगेत बसणारी मानाची व्यक्ती. अमेरिकेतला शेरीफ निराळा. तो बहुतेक ठिकाणी लोकांनी मत देऊन निवडलेला परगण्याचा अधिकारी असतो. न्यू जर्सीत असे २१ परगणे आहेत आणि तेथे शेरीफ ३ वर्षांसाठी निवडला जातो. एका छोट्या गावाला स्वतःचा शेरीफ असणे हे त्या राज्यात खरे तर विसंगतच आहे, आणि मँगोल्डने ती सूट उघडउघड घेतली आहे, कारण त्याला पोलिसकथेच्या वेषात एक वेस्टर्न, म्हणजे एकटा शेरीफ आणि बंदूकबाज यांच्या लढतीचा जुन्या धाटणीचा अमेरिकन चित्रपट, सांगायचा होता. ‘हेफ्लिन’ हे आडनावसुद्धा त्याने १९५७ सालच्या ‘थ्री टेन टू युमा’ या वेस्टर्नमधल्या व्हॅन हेफ्लिन या नटावरून उचलले, आणि पुढे २००७ साली तोच चित्रपट त्याने स्वतः नव्याने केला. काकांना मी शेरीफचा अर्थ समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की पोर्तुगीज काळातल्या रेजिदोरासारखा, म्हणजे गावच्या सरकारी कारभाऱ्यासारखा का. अगदी तसा नाही, पण गावातलाच माणूस, गावावर अधिकार चालवणारा आणि गावच्या बड्या माणसांना ओळखून असणारा, एवढे लक्षात घेतले तर काकांचा अंदाज फार चुकीचा नव्हता.

फ्रेडीचे काम सिल्व्हेस्टर स्टॅलनने केले आहे. ज्या नटाचे पीळदार शरीर हीच त्याची ओळख होती, त्याने या भूमिकेसाठी सुमारे १८ किलो वजन वाढवले, आणि ते वाढलेले पोट संपूर्ण चित्रपटभर गणवेशाच्या पट्ट्यावर ओघळत राहते. फ्रेडी एका कानाने बहिरा आहे. तरुणपणी नदीत बुडणाऱ्या गाडीतून लिझ नावाच्या मुलीला त्याने वाचवले, त्यात त्याचा कान गेला, आणि कान गेल्यामुळे न्यूयॉर्कच्या पोलिस दलात भरती होण्याचे त्याचे स्वप्न गेले. लिझने पुढे त्याच दलातल्या एका पोलिसाशी लग्न केले. फ्रेडी अजून तिच्यावर प्रेम करतो आणि रात्री जुन्या तबकड्या लावून ऐकत बसतो. हेच संगीत आता स्टिरिओमध्ये मिळते असे लिझ त्याला सांगते, तेव्हा त्याने मला काही फरक पडणार नाही, असे तो शांतपणे म्हणतो. या एका उत्तरात त्याचे सगळे आयुष्य आहे.

काकांनी पहिल्यांदा मान वर केली ती मात्र याहून अगोदरच्या एका दृश्यावर, जे मी आधीच्या दोन्ही वेळी जवळजवळ न पाहता सोडून दिले होते. चित्रपटाच्या सुरुवातीला दारू प्यालेला फ्रेडी बारमध्ये पिनबॉल खेळत असतो. नाणी संपतात. तो बाहेर रस्त्यावर येतो, कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून पार्किंगच्या मीटरची पेटी उघडतो, त्यातली चिल्लर काढतो आणि पुन्हा खेळायला जातो. त्यानंतर गस्तीची गाडी चालवताना समोर हरीण येते, गाडी आदळते, आणि पुढे बराच काळ तो नाकावर पट्टी लावून गावभर फिरतो. काकांनी अडकित्ता खाली ठेवला आणि ते म्हणाले, “याला आता कोणाला अडवता येणार नाही. ती नाणी काढताना त्याला कोणी पाहिले असो की नसो.”

मी म्हटले, “काका, चार नाणी आहेत ती. पुढे खून आहेत.”

“खुनाचे राहू दे रे. किल्ली त्याच्याकडे कोणी दिली ते बघ.”

किल्ली त्याच्याकडे रे डॉनलनने दिली, असा याचा अर्थ. हार्वी काइटेलने रंगवलेला हा डॉनलन न्यूयॉर्कच्या पोलिसांतला अधिकारी आणि गॅरिसन गावाचा खरा मालक आहे. फ्रेडीला शेरीफची जागा मिळाली ती त्याच्या मर्जीने, आणि त्या मर्जीचे स्वरूप अत्यंत प्रेमळ आहे. डॉनलन त्याच्यावर ओरडत नाही, धमकावत नाही, त्याला लाच देत नाही. तो त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याला आपल्यातला म्हणतो, आणि ज्या दलाने त्याला दारातून परत पाठवले त्या दलातल्या माणसांच्या टेबलावर बसू देतो. मराठीत यासाठी ‘मिंधा’ हा नेमका शब्द आहे. विकला गेलेला माणूस निराळा आणि मिंधा माणूस निराळा. विकल्या गेलेल्याला निदान आपला भाव ठाऊक असतो, मिंध्याला वाटते की आपण कृतज्ञ आहोत. ‘कॉप लँड’ हा माझ्या मते या दुसऱ्या माणसाचा चित्रपट आहे, आणि पोलिसांच्या भ्रष्टाचारावरचे बहुतेक चित्रपट पहिल्या माणसाचे असल्यामुळे हा वेगळा ठरतो.

वीज गेली तेव्हा काकांनी आपली एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना एका आडगावच्या आउटपोस्टवर ठेवले होते. आउटपोस्ट म्हणजे एक खोली, एक बाक, एक टेबल आणि रजिस्टर. ती खोली तेथल्या एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, होती आणि तो भाडे घेत नसे. दुपारचे जेवण त्याच्याच घरून येई, पितळी डब्यात, केळीच्या पानाने झाकलेले. चवथीला नेवऱ्या येत, आणि काकांना ताप आला तेव्हा त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईने काढा करून पाठवला होता. वर्षभराने त्या घरातल्या मुलाने कुळाच्या माणसाला काठीने मारले. काका म्हणाले, “खोली त्याची, जेवण त्याचे, आणि पंचनामा माझा. मी काठीच्या जागी ‘धक्का लागून पडला’ असे लिहिले. मला कोणी एक पैसा दिला नाही. कोणी तसे लिही म्हणूनसुद्धा सांगितले नाही. आपलोच मनीस, एवढेच माझ्या डोक्यात होते.” ते शेवटचे दोन शब्द मी कोकणीतच ठेवतो, कारण ‘आपलाच माणूस’ असे लिहिले की त्यातला तो मऊ दाब नाहीसा होतो.

न्यूयॉर्कचा खरा इतिहास काकांच्या बाजूने आहे. फ्रँक सर्पिको आणि डेव्हिड डर्क या दोन पोलिसांच्या माहितीवरून एप्रिल १९७० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दलातल्या लाचखोरीची बातमी छापली, महापौर जॉन लिंडसे यांनी नॅप आयोग नेमला, आणि या आयोगाच्या १९७२ च्या अहवालात भ्रष्ट पोलिसांचे दोन वर्ग सांगितले गेले. एक मांस खाणारे, म्हणजे सावज शोधून मोठा मलिदा मारणारे. दुसरे गवत खाणारे, म्हणजे वाटेत जे समोर येईल ते निमूटपणे तोंडात टाकणारे. मांस खाणारे थोडे होते. आयोगाला अधिक काळजी होती ती गवत खाणाऱ्यांची, कारण संख्येने तेच जास्त होते आणि त्यांच्यामुळेच लाच घेणे ही दलात चारचौघांत मिरवता येण्यासारखी गोष्ट झाली होती. मीटरमधली चिल्लर काढणारा फ्रेडी हा गवताची चार पाती खाणारा आहे. खुद्द सर्पिकोला फेब्रुवारी १९७१ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका छाप्यात तोंडावर गोळी लागली आणि त्याचा डावा कान कायमचा गेला. मँगोल्डने फ्रेडीचा बहिरा कान तेथून घेतला असे म्हणायला माझ्याजवळ काही आधार नाही, तरी पहिल्यांदा ही गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता.

वीस वर्षांनी तेच पुन्हा घडले. मायकेल डाउड नावाच्या ब्रुकलिनमधल्या पोलिसाला अमली पदार्थांच्या व्यवहारात १९९२ मध्ये अटक झाली, आणि ती त्याच्या स्वतःच्या दलाने केली नाही, तर शहराबाहेरच्या सफोक परगण्याच्या पोलिसांनी केली. त्यानंतर मॉलन आयोग बसला आणि १९९४ मध्ये त्याचा अहवाल आला. शहरातल्या पोलिसाचा गुन्हा उपनगरातल्या पोलिसाने उघड करायचा, ही ‘कॉप लँड’ची मध्यवर्ती कल्पना चित्रपटाच्या पाच वर्षे आधी प्रत्यक्षात येऊन गेली होती. आपल्याकडेही २०१० साली गोव्याच्या अमली पदार्थविरोधी पथकातल्याच काही पोलिसांना त्या व्यापाऱ्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. मी ते काढताच काकांनी सुपारी पुन्हा कातरायला घेतली आणि त्या विषयावर ते काही बोलले नाहीत.

चित्रपटातला मूळ गुन्हा पुलावर घडतो. बॅबिच नावाचा तरुण पोलिस, डॉनलनचा भाचा, रात्री दारू पिऊन घरी निघालेला असतो. दोन कृष्णवर्णीय तरुणांची गाडी त्याच्या गाडीला घासून जाते, त्यांच्या हातातली वस्तू त्याला बंदूक वाटते, टायर फुटल्याचा आवाज त्याला गोळीचा वाटतो, तो गोळ्या झाडतो आणि दोघेही मरतात. बंदूक कोठे सापडत नाही. तेव्हा डॉनलनचा एक माणूस मेलेल्यांच्या गाडीत बंदूक ठेवायला जातो आणि रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी ते पाहून आरडाओरडा करतो. मग बॅबिचने पुलावरून नदीत उडी मारली असे नाटक रचले जाते आणि त्याला लपवून गॅरिसनमध्ये आणले जाते. फ्रेडी त्याला गाडीत जिवंत बसलेला पाहतो. पाहतो, आणि गप्प बसतो.

येथे मला माझी गोष्ट सांगणे भाग आहे. मी एका सरकारी कार्यालयात कारकून असताना एका अपघाताच्या पंचनाम्यासाठी मला पंच म्हणून बोलावले होते. मी पोहोचलो तेव्हा ट्रक आणि स्कूटर दोन्ही रस्त्यावरून हलवून झाले होते, वळणावर थोड्या काचा आणि वाळू टाकलेली एक जागा एवढेच उरले होते. पंचनामा लिहून तयार होता. लिहिणारा जमादार माझ्या थोरल्या भावाबरोबर शाळेत शिकलेला. त्याने कागद पुढे केला, घरच्यांची विचारपूस केली, चहा मागवला, आणि मी दोन पानांच्या खाली सही केली. ट्रक रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभा होता हे त्यात लिहिले होते. मी तो उभा असलेला पाहिलाच नव्हता. चार वर्षांनी साक्षीसाठी न्यायालयात जावे लागले, आणि वकिलाने ट्रकची जागा विचारली तेव्हा कागदावर होते तेच मी सांगितले. बाहेर व्हरांड्यात बाक एकच होता. त्यावर बसलेल्या एका वयस्कर माणसाने मला पाहून सरकून जागा करून दिली आणि पिण्यासाठी आपली पाण्याची बाटली पुढे केली. स्कूटरवरच्या मुलाचे ते वडील आहेत हे मला नंतर शिपायाकडून कळले.

हे सर्व काकांना मी त्या दिवशी प्रथमच सांगितले. त्यांनी फक्त जमादाराचे नाव विचारले, आणि मी ते सांगितले नाही.

पुढे डॉनलनच्या लक्षात येते की मेलेला म्हणून जाहीर केलेला भाचा मृतदेह होऊन सापडल्याशिवाय प्रकरण मिटणार नाही, आणि तो त्याला खरोखरच बुडवायला निघतो. आपला-आपला म्हणणाऱ्या माणसाचे हे दुसरे तोंड फ्रेडी हळूहळू पाहतो. पोलिसांचीच चौकशी करणारा मो टिल्डन हा अधिकारी, म्हणजे रॉबर्ट डी निरो, त्याआधी गॅरिसनला येऊन त्याची मदत मागून गेलेला असतो आणि फ्रेडीने त्याला नकार दिलेला असतो. नंतर फ्रेडी स्वतः पूल ओलांडून टिल्डनच्या कचेरीत जातो. टिल्डन तोंडात सँडविचचा घास घेऊन त्याच्यावर भडकतो. वेळ होती तेव्हा तू हात झटकलेस, आता वरून फाइल बंद झाली आहे, असा त्याच्या बोलण्याचा सारांश. माझ्या दृष्टीने चित्रपटाचा कळस हा आहे. उशिरा जागी झालेली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या कामाची नसते हे फ्रेडीला एका भुकेल्या, चिडलेल्या अधिकाऱ्याकडून कळते. आपल्याकडे प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला होता. पण प्राधिकरण कितीही स्वतंत्र असले तरी त्याच्यापुढे जाऊन ‘मी पाहिले’ म्हणणारा फ्रेडी लागतोच.

शेवटी तो बॅबिचला ताब्यात घेतो आणि एकटा पडतो. गावातले लोक दारे लावून घेतात. डॉनलनची माणसे त्याला रस्त्यात धरतात आणि त्याच्या चांगल्या कानाजवळ बंदूक झाडतात. यानंतरची गोळीबाराची सगळी मिनिटे आपण फ्रेडीच्या कानांनी ऐकतो, म्हणजे जवळजवळ ऐकतच नाही. माणसे तोंडे उघडतात, बंदुकांतून धूर निघतो, काचा फुटतात, आणि ऐकू येते ती फक्त पाण्याखाली गेल्यासारखी घुसमट. काकांनी रिमोट उचलला आणि म्हणाले, “आवाज गेला वाटते.” मी म्हटले, “गेला नाही, असेच आहे.” त्यांनी रिमोट ठेवला, पण अडकित्ता परत घेतला नाही. बाहेरच्या पागोळ्यांचा आवाज तेवढा खोलीत होता.

हे दृश्य अप्रतिम असले तरी माझी तक्रार त्याच्याबद्दलच आहे. दोन तास ज्या चित्रपटाने भ्रष्टाचार हा स्नेहाच्या धाग्यांनी विणलेला असतो असे दाखवले, तो शेवटी चार माणसांना गोळ्या घालून ते धागे तोडून टाकतो, आणि वेस्टर्नच्या चौकटीला ते मानवत असले तरी गॅरिसनला मानवत नाही. रे लिओटाने विलक्षण ताकदीने केलेला फिगिस, विम्यासाठी स्वतःचे घर जाळणारा आणि त्यात आपल्याच मैत्रिणीचा जीव घेऊन बसलेला पोलिस, खरे तर फ्रेडीचा आरसा आहे. त्याला ऐन वेळी मदतीला धावून येणारा मित्र करणे मला सोयीचे वाटते. आणि पुलावर मेलेल्या त्या दोन तरुणांची घरची माणसे आपल्याला जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी त्या कथेत एक बाकसुद्धा नाही. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेल्या ‘अर्धसत्य’मधला अनंत वेलणकर आतून जळत स्वतःचा सर्वनाश करून घेतो, तो शेवट आजही पचत नाही, आणि म्हणूनच तो खरा वाटतो. फ्रेडीला मात्र मँगोल्डने थोडे स्वस्तात सोडले आहे.

थोडे, पूर्ण नव्हे. बॅबिचला न्यूयॉर्कमध्ये टिल्डनच्या स्वाधीन केल्यानंतर फ्रेडी आपल्या काठावर परत येतो आणि पाण्यापलीकडच्या शहराकडे पाहत उभा राहतो. बेतीच्या धक्क्यावरून संध्याकाळी पणजीचे दिवे पाहणाऱ्या माणसासारखा तो दिसतो, एवढ्या जवळ की हात लावता यावा, आणि मध्ये नदी. पडद्यावर नावे सुरू झाली. काकांनी कातरलेली सुपारी डब्यात भरली, मांडीवरचा भुसा झटकला आणि उठता उठता विचारले, “हा नंतर त्याच गावात राहिला का रे?”

चित्रपट ते नीट सांगत नाही, असे मी म्हटले.

“मग दुसऱ्या दिवशी बाजारात त्याला मासळी कोणी दिली असेल?” काका म्हणाले, आणि पाऊस थोडा उणावला आहे का ते पाहायला दारात गेले.